धुतलेल्या रेतीची बिल्डिंग

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक फोटो आहे. रंगीत आहे, पण आता सगळे रंग एकाच पिवळट छटेत विरघळून गेले आहेत. फोटोत बारा बायका साड्या खोचून उभ्या आहेत. पुढे रेतीचा ढीग, मधे लोखंडी चाळणी, मागे विहिरीचा कठडा. डावीकडून तिसरी मी. वय पंचवीस. माझ्या शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेली फिलोमिना परेरा, आणि चाळणीला टेकून हसणारी मालती गडकर. आम्ही सगळ्या ठाण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो.

तेव्हा मुंबईला फोन लावायचा तरी नंबर नोंदवून वाट बघावी लागे, आणि मधे आम्ही असायचो. त्याच नोकरीतल्या चोवीस जणांनी मिळून कळव्याला खाडीजवळ जागा घेतली आणि गृहनिर्माण संस्था काढली. कागदोपत्री नाव लांबलचक आहे. रिक्षावाले आजही तिला 'हॅलो बिल्डिंग' म्हणतात.

नदीची रेती आम्हाला परवडत नव्हती. खाडीची स्वस्त होती, पण खारी. मीठ राहिलं तर आतलं लोखंड सडतं, असं आमच्या इंजिनियरने बजावलं होतं. मजूर रेती धुवायचे ती दाखवण्यापुरती. म्हणून आम्ही बायकांनीच ठरवलं की दर रविवारी टँकर मागवायचा आणि रेती आपण धुवायची. सहा महिने धुतली. घमेलं पुढे सरकवताना मालती "नंबर प्लीऽज" अशी हाक द्यायची आणि घेणारीने "लाइन बिझी आहे" म्हणायचं. हात सोलवटले, पण हसून हसून पोट दुखायचं.

पुढे ही गोष्ट बिल्डिंगची ओळखच झाली. दर वर्धापनदिनी मी ती सांगायची. दलालसुद्धा गिऱ्हाइकाला फोटोपुढे उभं करून म्हणायचे, "साहेब, धुतलेल्या रेतीची बिल्डिंग आहे." त्यावर चौरस फुटाचा भाव थोडा वर जायचा.

मग कानोसा आला.

कानोसा म्हणजे आमटीच्या वाटीएवढं एक यंत्र. ते खांबाला चिकटवायचं आणि एकवीस दिवस तसंच ठेवायचं. काँक्रीटच्या आत लोखंडाच्या सळ्या असतात. सिमेंटमुळे सळ्यांवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मीठ तो थर फोडतं, मग लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. ती जागा मिळवायला तो आतून काँक्रीट फोडत जातो. केसाएवढी चीर पडताना बारीक आवाज होतो, माणसाच्या कानाला न कळणारा. कानोसा ते आवाज मोजतो, किती खोलवरून आले, किती वेगाने वाढताहेत ते बघतो, आणि शेवटी सांगतो की या बिल्डिंगला इतकी वर्षं उरली. चूक झालीच तर वर्ष-दीड वर्षाची.

मुळात तो पुलांसाठी काढला होता. पुलांवर चांगला चालला म्हणून कोणीतरी घरांना लावला, आणि तिथे घोटाळा झाला. कारण तोपर्यंत सगळ्या देशाने धरून चाललं होतं की घर जुनं होतं पण संपत नाही आणि भाव फक्त वर जातो. बँकांनी तीस-तीस वर्षांची कर्जं दिली होती अशा इमारतींवर, ज्यांना बारा वर्षं उरली होती. ती कर्जं तारण धरून दुसरी कर्जं, त्यांत विमा कंपन्यांचे पैसे, त्यांत लोकांचा प्रॉव्हिडंट फंड. माझी नात इरावती मला म्हणाली होती, "आजी, देशाची तिजोरी आपल्या भिंतींत आहे. आणि भिंती बोलायला लागल्या."

पुण्यात दोन वॉर्डांचे आकडे बाहेर आले आणि तीन महिन्यांत दोन बँका कोलमडल्या. सरकारने त्यांना वाचवलं. पेपरवाल्यांनी त्या मदतीला 'टेकू' नाव दिलं. वर्षभरात दुसरा टेकू लागला. तेव्हा सरकारने ठरवलं की सगळ्यांना वाचवता येणार नाही. ज्या इमारतींना कानोसा लावलेला नाही, त्यांचा जुना भाव सरकारी हमीने तसाच धरायचा. ज्यांना लावला, त्यांनी आपलं आपण बघावं. सरकारी भाषेत न ऐकलेल्या इमारतीला 'अश्रुत इमारत' म्हणतात. दर वर्षी सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करायचा की आमची इमारत अश्रुत आहे आणि पुढचं वर्षभर राहील. त्यावर सूचकाची आणि अनुमोदकाची सही. ते घोषणापत्र बँकेकडे गेलं की झालं.

सारा देश असा कानांत बोटं घालून उभा होता. आणि खरं सांगायचं तर बरा उभा होता. पगार होत होते, दुकानं चालत होती.

आमच्या ठरावाची सूचक गेली चार वर्षं मीच होते. सर्वांत जुनी हयात सभासद म्हणून मान माझा. माझाही स्वार्थ होताच. माझा फ्लॅट बँकेकडे तारण ठेवून मला दरमहा घरपेन्शन मिळते, त्यावर माझं औषधपाणी चालतं.

तळमजल्यावर कल्पिता म्हात्रेचं पाळणाघर आहे. चौदा मुलं. दर बुधवारी मी त्यांना गोष्ट सांगायला जाते. खोलीच्या मधोमध सात नंबरचा खांब येतो. कल्पिताने त्यावर जिराफ रंगवून घेतला आहे आणि जिराफाच्या पायांवर मुलांच्या उंचीच्या रेघा मारल्या आहेत.

गेल्या श्रावणात एका बुधवारी मला जिराफाच्या मानेवर तांबूस ओघळ दिसला. त्याच्या बाजूने एक बारीक उभी चीर गेली होती, आणि चिरेच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती.

"हे कधीपासून गं?" मी विचारलं.

"दोन पावसाळे झाले असतील, काकू. रंग लावते, परत येतं," कल्पिता म्हणाली. "मुलं म्हणतात जिराफाला घाम येतो."

का कोण जाणे, मी बोट लावलं आणि बोट जिभेवर ठेवलं.

"आजी भिंत खाते!" एक पोरगी ओरडली, आणि चौदाच्या चौदा जणं हसत सुटली. मीही हसले. पण जिभेवरची चव मी ओळखली होती.

इरावती कानोसा बसवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. हल्ली त्यांना पूल आणि धरणांचीच कामं मिळतात. त्या रविवारी ती जेवायला आली तेव्हा मी म्हटलं, "इरा, खालच्या खांबाला तुझी वाटी लावून दे की गुपचूप. फक्त मला सांग."

तिने ताटातली भेंडी बाजूला सारली. तिला भेंडी लहानपणापासून आवडत नाही. "आजी, गुपचूप लागतच नाही ती. चालू केली की आकडे थेट सरकारी नोंदवहीत जातात. त्या क्षणी तुमची बिल्डिंग अश्रुत राहत नाही. आणि त्यासाठी आधी सोसायटीचा ठराव लागतो."

"तुझ्या डोळ्यांनी सांग मग."

ती खाली जाऊन आली. हात धुतले, बराच वेळ पुसत राहिली. "डोळ्यांनी वर्षं कळत नाहीत. पण मी असते तर तिथे मुलं झोपवली नसती."

"किती वाईट आहे?"

"तेच ऐकल्याशिवाय नाही कळत. दहा वर्षंही असतील. नसतीलही." मग म्हणाली, "पण आजी, या बिल्डिंगची रेती तर तुम्ही धुतली होती ना? मग मीठ आलं कुठून?"

मी तिला पुन्हा भेंडी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीकडे गेले. सुहास गडकर, मालतीचा मुलगा. मालती जाऊन नऊ वर्षं झाली. सुहासला मी पाळण्यात पाहिलेला आहे, आणि तो ते मला विसरू देत नाही.

"या शैलाकाकू. तुम्हीच माझे लंगोट धुतलेत, आता ऑफिसची बिलंही धुऊन द्या."

"सुहास, पाळणाघरातला खांब बघितलास?"

"बघितला. प्लास्टर मारून देतो दिवाळीआधी."

"प्लास्टरने काय होणार? कानोसा लावू या."

त्याने आधी दार लावून घेतलं. "काकू, हळू. हे शब्द जिन्यात बोलायचे नसतात. माझ्या मुलीचा दवाखाना या फ्लॅटच्या तारणावर उभा आहे. वरच्या बेंडाळ्यांचं घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक परवा बयाणा देणार. तुमची पेन्शन. ऐकलं की सगळं एका दिवसात शून्य. आणि बिल्डिंग काय आज पडतेय?"

"ते कोणाला माहीत?"

"तेच तर. कोणाला माहीत नाही, म्हणून उभी आहे." मग तो फोटोकडे बघून हसला. "आपली तर धुतलेल्या रेतीची आहे. माझ्या आईचे हात लागलेत. तुम्हीच सांगता ना दर वर्षी? फक्त कल्पिताला सांगू नका हं, घाबरेल बिचारी."

मी घरी आले. दर वर्षी मीच सांगते, हे खरं होतं.

सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला असते. म्हणजे कागदावर दहाला. आमच्याकडे गणपूर्तीला सोळा सभासद लागतात आणि दहाला सोळा जण कधीही आलेले नाहीत. मग सेक्रेटरी जाहीर करतो की गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, आणि साडेदहाला त्याच जागी पुन्हा भरेल. पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे दहाला कोणी येतच नाही. बाकीचे अकराला बटाटेवड्यांच्या वासावर येतात, तोवर ठराव उरकलेले असतात.

त्या रविवारी साडेदहाला आम्ही नऊ जण होतो. सुहास, चेअरमन बेंडाळे, त्यांची बायको, फिलोमिना, भाडेकरू ठेवलेले दोन फ्लॅटमालक, निवृत्त पोस्टमास्तर ढगे, कल्पिता आणि मी. कल्पिता कधी येत नाही. मीच तिला यायला सांगितलं होतं.

सुहासने भराभर वाचलं. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर. हिशेब मंजूर. मग म्हणाला, "विषय पाच. अश्रुत घोषणापत्र. सूचक श्रीमती शैला ताम्हाणे, अनुमोदक श्रीमती परेरा," आणि वही माझ्यापुढे सरकवली. नाव आधीच लिहिलेलं होतं. फक्त सही राहिली होती.

मी पेन उघडलं नाही.

"सुहास, तो फोटो काढ रे भिंतीवरून."

"आता कशाला काकू?"

"काढ तर."

त्याने काढला. मी तो टेबलावर ठेवला. "यात टँकर कुठे आहे, सांगा."

सगळे वाकून बघायला लागले. ढग्यांनी चष्मा वर केला. "टँकर नाहीये. विहीर आहे."

"हा मे महिन्याचा शेवटचा रविवार," मी म्हटलं. "सोमवारी पाच ते आठ नंबरचे खांब भरायचे होते. टँकर आला नाही. पाणीटंचाई होती. मालतीच्या भावाने नवा कॅमेरा आणला होता, सगळ्या जणी नटून आल्या होत्या. मग कोणीतरी म्हणालं, विहीर आहे की. आम्ही त्या दिवशीची सगळी रेती विहिरीच्या पाण्याने धुतली. दुपारी मला तहान लागली, मी पोहऱ्यातलं पाणी तोंडात घेतलं. ते खारट होतं. खाडीला लागून विहीर, मे महिना. आम्ही मिठाची रेती मिठाच्या पाण्याने धुतली, खूप मन लावून धुतली. मी फिलूला सांगितलं."

फिलोमिना खुर्चीत सरळ झाली. "सांगितलं होतंस. मी म्हटलं, खाडीकडचं पाणी थोडं तसंच लागतं, आमच्या वसईला पण तसंच लागतं. आणि म्हटलं, गप बस, फोटो काढतायत."

"गेल्या महिन्यात मी सात नंबरच्या खांबाची भुकटी चाखली," मी म्हटलं. "तीच चव आहे."

बेंडाळ्यांचा आवाज चढला. "ताम्हाणेबाई, बावन्न वर्षं गप्प राहिलात. आमचा बयाणा होईपर्यंत आणखी चार दिवस राहायला काय झालं होतं?"

"बयाणा देणाऱ्याची मुलंही खालीच खेळतील, बेंडाळे."

"इतकं होतं तर दर वर्षी सही कशाला केलीत?"

"गोष्ट छान होती," मी म्हटलं. "सांगताना मलाही खरी वाटायची. आणि पेन्शन हवी होती."

सुहास इतका वेळ फोटोतल्या आईकडे बघत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "काकू सूचक होत नाहीत. लोकशाही आहे. दुसरं कोणीतरी व्हा. विषय मतालाही टाकायची गरज नाही, नुसती एक सही."

वही बेंडाळ्यांकडे गेली. ते म्हणाले, "मी चेअरमन, मी कसा सूचक होऊ? बरं दिसत नाही," आणि बायकोकडे सरकवली. बाईंनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. दोन्ही मालक एकमेकांना "तुम्ही, तुम्ही" करत राहिले. ढगे म्हणाले की त्यांना कागद घरी नेऊन नीट वाचावा लागेल. वही फिलोमिनाकडे आली.

"माझा हात थरथरतो रे बाबा," ती म्हणाली. आदल्याच दिवशी तिने माझ्यासमोर सुईत दोरा ओवला होता.

मग वही कल्पितापुढे आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. ओढणीच्या टोकाने डोळे टिपले आणि विचारलं, "सुहासदादा, तुम्हाला माहीत होतं?"

सुहासने वही मिटली.

ऐकायच्या बाजूने त्या दिवशी कोणीही मत दिलं नाही, हे मला नमूद केलं पाहिजे. पण न ऐकण्याखाली आपलं नाव लिहायलाही कोणी तयार झालं नाही. बोलणं एकदा झालं होतं, आणि ते नाव वहीत कायमचं राहिलं असतं. अकराला लोक आले, वडे संपले, त्यांनाही विचारलं. कोणी नाही. तीस सप्टेंबरला मुदत संपली. हॅलो बिल्डिंग आपोआप टेकूतून, म्हणजे सरकारी हमीतून, बाहेर पडली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सुहासनेच कानोसा लावायचा ठराव करून घेतला आणि इरावतीला फोन केला.

एकवीस दिवस वाट्या खांबांना चिकटून होत्या. लोक जिन्यात दबक्या आवाजात बोलायचे, जणू आत कोणी आजारी माणूस झोपलं आहे. बाविसाव्या दिवशी इरावतीने कागद आणला. बाकी बिल्डिंगला एकोणीस वर्षं. पाच, सहा आणि आठ नंबरच्या खांबांना सहा ते सात. सात नंबरला चौदा महिने.

कल्पिताने त्याच दुपारी मुलांना समोरच्या शाळेच्या दोन खोल्यांत हलवलं. जिराफाभोवती लोखंडी टेकू उभे राहिले, खरेखुरे.

पुढचे महिने सोपे नव्हते. बेंडाळ्यांचं गिऱ्हाईक गेलं, आणि बेंडाळे मला बघून लिफ्टचं दार लावून घेऊ लागले. माझी पेन्शन एक तृतीयांशावर आली. मी आईच्या पाटल्या विकल्या, आणि बाहेरची खोली एका नर्सला भाड्याने दिली. सुहासच्या मुलीने दवाखाना दुसऱ्या डॉक्टरबरोबर वाटून घेतला. सुहास चार महिने माझ्याशी बोलला नाही. बँकेचा माणूस आला, तो मात्र शांत होता. म्हणाला, "आजी, तुमच्यानंतर ठाण्यात बऱ्याच सोसायट्यांना सूचक मिळाला नाही. आम्ही रोज अशाच बातमीची धास्ती घेऊन बसायचो. आता निदान खरा आकडा लिहायचा आहे."

तिसरा टेकू आला नाही. तेवढे पैसे नव्हते, आणि तेवढी न ऐकलेली घरंही उरली नव्हती. भाव उतरत उतरत एका जागी येऊन थांबले. आता घर घ्यायचं म्हणजे त्याची उरलेली वर्षं घ्यायची. इतकी वर्षं, इतकं भाडं, त्यांचा गुणाकार. लोक म्हणतात देश गरीब झाला. झालाच असेल, मला त्यातलं कळत नाही. एवढं खरं की इरावतीने मुंब्र्याला अकरा वर्षं उरलेलं घर घेतलं, स्वतःच्या पगारावर, सव्विसाव्या वर्षी. तिच्या आईला ते चाळिशीपर्यंत जमलं नव्हतं.

सात नंबरच्या खांबाचं काम फेब्रुवारीत निघालं. जुनं काँक्रीट फोडून नव्या सळ्या घालायच्या आणि बाहेरून नवं जाड कवच भरायचं होतं. कंत्राटदाराला पुरतील इतके पैसे नव्हते, म्हणून वरकामं सभासदांनी वाटून घेतली. बेंडाळेसुद्धा घमेलं घेऊन उभे होते. रेती आता खाडीची नसते, दगड दळून करतात, ती धुवावी लागत नाही. मला खुर्ची टाकून सावलीत बसवलं होतं. फिलोमिना बाजूला बसून, कोण घमेलं चुकीचं धरतंय ते मोठ्याने सांगत होती.

टँकर आला. इरावतीने पाण्यात मीटर बुडवला, आकडा बघितला आणि "ठीक आहे" म्हणाली. गडी पाणी ओतणार, तेवढ्यात सुहास मधे आला. त्याने बादली उचलली आणि माझ्यापर्यंत आणली. चार महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"घ्या काकू. मीटर काय म्हणायचं ते म्हणू दे."

सगळे हातातलं काम थांबवून उभे राहिले. मी ओंजळ भरून घेतली, तोंडात धरली, गिळली. अजिबात घाई केली नाही.

"गोड आहे," मी म्हटलं. "भरा."